एल्फिन्स्टन: एका स्कॉटिश गावाचं आडनाव कसं झालं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईत राहिलेल्या माणसाला हे नाव अनोळखी नाही. स्टेशन, कॉलेज, शाळा, पूल अशा कितीतरी ठिकाणी ते येऊन गेलं. माझे वडील गिरणीत होते, त्यांच्या पासवर 'एल्फिन्स्टन रोड' छापलेलं असायचं. हे नाव माणसाचं की गावाचं, हा प्रश्न मला तेव्हापासून पडलेला आहे. नावांच्या इतिहासावर लिहायला लागल्यापासून वाचकही तेच विचारत आले, म्हणून नेहमी येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी आहेत, गुंतागुंतीचे नंतर. एका उत्तरातली गोष्ट दुसऱ्यात लागली तर तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. एल्फिन्स्टन हे आडनाव मुळात कुठलं?

स्कॉटलंडच्या ईस्ट लोदियन भागातलं. एडिंबराच्या पूर्वेला ट्रॅनेंट नावाचं गाव आहे. त्याच्या जुन्या पॅरिशमध्ये, म्हणजे चर्चच्या हद्दीत, एल्फिन्स्टन नावाची छोटी वस्ती आहे, ती आजही आहे. आधी ती जमीन आणि वस्ती होती. ती ज्यांच्याकडे होती त्यांना लोक 'एल्फिन्स्टनचे' म्हणू लागले आणि पुढे तेच आडनाव झालं. म्हणजे आडनाव गावावरून आलं. गावाला माणसाचं आडनाव मिळालं, असा उलटा प्रकार मात्र पुढे दुसऱ्या एका ठिकाणी झाला. तो प्रश्न ६ मध्ये आहे.

२. नावात 'स्टोन' आहे, म्हणजे कसला तरी दगड असणार ना?

हा प्रश्न सर्वात जास्त येतो. इंग्रजी स्पेलिंगचा शेवट बघितला की कुणालाही तसंच वाटेल, पण दगडाचा इथे संबंध नाही. तेराव्या शतकातल्या लिखाणात हे नाव 'एल्फिन्स्टुन' असं येतं. त्याची फोड करताना 'स्' मागच्या शब्दाला जोडायचा: एल्फिन्स् आणि टुन. 'एल्फिन' हे माणसाचं नाव, 'स्' हा षष्ठीचा प्रत्यय, आपल्या 'चा-ची-चे'सारखा, आणि 'टुन' म्हणजे कुंपण घातलेली शेतवस्ती. थोडक्यात, एल्फिनची वाडी.

हाच 'टुन' इंग्रजीत 'टाउन' झाला. स्कॉट्स बोलीत तो 'टून' म्हणून राहिला आणि शेतावरच्या चार घरांनाही लोक बराच काळ 'टून'च म्हणत. आसपासची नावं पाहिली की ही घडण लगेच लक्षात येते. शेजारचं ऑर्मिस्टन म्हणजे ऑर्म नावाच्या माणसाची वस्ती. एडिंबराच्या पश्चिमेला लिव्हिंगस्टन आहे. ती बाराव्या शतकातल्या लेव्हिंग नावाच्या माणसाची वस्ती, लॅटिन कागदात तिला 'व्हिला लेव्हिंग' म्हटलंय. आफ्रिकेत गेलेल्या डॉ. लिव्हिंगस्टनच्या आडनावातही दगड नाही, लेव्हिंगचं शेत आहे.

स्कॉटलंडमध्ये गेलिक बोलत असत, मग ही नावं इंग्रजी वळणाची कशी, असंही काहीजण विचारतात. लोदियन हा दक्षिण-पूर्वेचा सखल भाग पूर्वी नॉर्थम्ब्रियाच्या अँग्लियन राज्यात होता. तिथे जुन्या इंग्रजीची एक शाखा बोलली जायची आणि गावांची नावं त्या बोलीत पडली.

३. म्हणजे हे आपल्या 'कर' आडनावांसारखंच झालं की!

बरंचसं, हो. सावंतवाडीचं उदाहरण घ्या. आधी सावंत, मग सावंतांची वाडी, आणि तिथून बाहेर पडलेला माणूस सावंतवाडीकर. माणसावरून गाव आणि गावावरून पुन्हा माणूस. एल्फिन्स्टनची साखळी अगदी हीच आहे: एल्फिन, एल्फिनची टुन, मग एल्फिन्स्टन.

फरक दोन आहेत आणि दोन्ही महत्त्वाचे आहेत. पहिला, स्कॉटलंडमध्ये गावाच्या नावापुढे प्रत्यय लागत नाही. गावाचं नाव जसंच्या तसं आडनाव होतं. दुसरा जास्त खोल आहे. आपल्याकडे 'कर' होण्यासाठी जमिनीची मालकी लागत नव्हती. तिथला असणं किंवा तिथून आलेला असणं पुरायचं. स्कॉटलंडमधली सर्वात जुनी गावनावं मात्र बहुतेक जमीनदारांची आहेत. राजाने सनद देऊन जमीन दिली आणि त्या जमिनीचं नाव धारकाला चिकटलं. डेव्हिड पहिला (कारकीर्द ११२४ ते ११५३) याने नॉर्मन आणि फ्लेमिश सरदारांना अशा जमिनी मोठ्या प्रमाणावर दिल्या, तेव्हापासून ही चाल रुजली. सामान्य कुळांना आणि मजुरांना गावाचं आडनाव लागलं ते नंतर, आणि बरेचदा गाव सोडल्यावर. ट्रॅनेंटमध्येच राहणाऱ्याला 'ट्रॅनेंटचा' म्हणून कोण ओळखणार? ही गोष्ट मात्र कोकणातही तशीच आहे.

४. आडनाव म्हणून याचा सर्वात जुना उल्लेख कधीचा?

साधारण १२३५ च्या सुमाराचा. अ‍ॅलन डी स्विंटन याच्या एका दस्तात 'डी एल्फिन्स्टुन' असं नाव येतं. स्विंटन हे स्वतःही गावावरून आलेलं आडनाव आहे. देणाराही गावाच्या नावाचा आणि कागदात आलेला दुसराही गावाच्या नावाचा, यावरून त्या काळात ही पद्धत किती रुळली होती ते दिसतं.

एक सावधगिरी. तेराव्या शतकातला 'डी एल्फिन्स्टुन' हे दर वेळी आडनावच असतं असं नाही. तो नुसता पत्ताही असू शकतो. बापाचं आणि मुलाचं नाव तसंच येऊ लागलं आणि दुसरीकडे राहायला गेलेल्यानेही ते सोडलं नाही, की मग त्याला आडनाव म्हणायचं.

५. ते 'डी' पुढे कुठे गेलं? आणि 'ऑफ दॅट इल्क' म्हणजे काय?

'डी' हा लॅटिन दस्तातला शब्द, अर्थ 'चा' किंवा 'इथला'. दस्त स्कॉट्स भाषेत लिहिले जाऊ लागल्यावर त्याची जागा 'ऑफ'ने घेतली, आणि आडनाव पक्कं झाल्यावर तोही गळला. पण जमीन अजून हातात असेल तर 'ऑफ' राहायचा. म्हणून 'जॉन्स्टन ऑफ एल्फिन्स्टन' असं लिहिलेलं दिसलं तर आडनाव जॉन्स्टन आणि जमीन एल्फिन्स्टनची, असं वाचायचं.

आडनाव आणि जमीन यांचं नाव एकच असेल तर तेच दोनदा म्हणण्याऐवजी 'ऑफ दॅट इल्क' म्हणत. 'इल्क' म्हणजे 'तोच'. 'स्विंटन ऑफ दॅट इल्क' म्हणजे स्विंटनचा स्विंटन. त्या घराण्याचा प्रमुख, मूळ गादी सांभाळणारा, एवढं या तीन शब्दांत सांगून होतं.

याला कायद्याचाही आधार मिळाला. १६७२ च्या स्कॉटिश कायद्यानुसार फक्त लॉर्ड आणि बिशप यांनाच नुसत्या पदवीने सही करता येई. बाकीच्यांनी नाव-आडनाव लिहायचं, आणि हवं असल्यास पुढे 'ऑफ' लावून जमिनीचं नाव जोडायचं.

६. एल्फिन्स्टन घराणं एल्फिन्स्टनमध्येच राहिलं का?

नाही, आणि या आडनावातली सर्वात रंगतदार गोष्ट हीच आहे. ती पूर्ण कळली की गावावरून आलेल्या कुठल्याही आडनावाकडे तुम्ही वेगळ्या नजरेने बघाल.

१४३५ मध्ये पायपरडीनच्या लढाईत सर अलेक्झांडर एल्फिन्स्टन मारले गेले. त्यांना मुलगा नव्हता. मागे राहिली मुलगी, अ‍ॅग्नेस. जमीन मुलीची की चुलत्याची, असा वाद सुरू झाला आणि तो बराच काळ चालला. भाऊबंदकी काय असते हे मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको. शेवटी वाटणी झाली. ईस्ट लोदियनमधलं मूळ एल्फिन्स्टन अ‍ॅग्नेसकडे गेलं आणि पश्चिमेकडची स्टर्लिंगशरमधली जमीन चुलत्याच्या शाखेकडे.

अ‍ॅग्नेसचं लग्न गिल्बर्ट जॉन्स्टनशी झालं होतं. त्यामुळे मूळ गावात पुढे जॉन्स्टन नांदले. तिथला टॉवर, म्हणजे दगडी गढी, त्यांच्याच काळाशी जोडला जातो. एल्फिन्स्टन आडनाव लावणारी पुरुषशाखा मात्र ज्या गावाचं नाव तिने घेतलं होतं त्या गावाबाहेर पडली.

मग त्या शाखेने काय केलं? स्टर्लिंगशरमध्ये एअर्थजवळच्या आपल्या जमिनीलाच एल्फिन्स्टन म्हणायला सुरुवात केली. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथेही एक एल्फिन्स्टन टॉवर उभा राहिला. म्हणजे गावावरून आडनाव आलं आणि आडनावावरून दुसरं गाव नावाला आलं. १७५४ मध्ये ही जमीन डनमोरच्या अर्लला विकली गेली. त्याने तिचं नाव डनमोर केलं आणि तिथलं एल्फिन्स्टन पुन्हा पुसलं गेलं.

म्हणून माझं ठाम मत आहे की अशा आडनावावरून नाव कुठून आलं एवढंच कळतं. रक्त कुठलं आणि पिढ्या कुठे नांदल्या हे त्यावरून ठरवू नये, त्यासाठी कागद बघावे लागतात.

७. आज तिथे गेलो तर काय बघायला मिळेल?

ईस्ट लोदियनचं एल्फिन्स्टन हे खाणकामगारांचं गाव म्हणून वाढलं. या सगळ्या पट्ट्याखाली कोळसा आहे. जवळच्या प्रेस्टनग्रेंजमध्ये न्यूबॅटल मठाचे भिक्षू तेराव्या शतकापासून कोळसा काढत होते. स्कॉटलंडमधल्या सर्वात जुन्या कोळसा-नोंदींपैकी ती एक.

त्याच कोळशाने टॉवर गेला. पाच शतकं उभी राहिलेली ती गढी, आणि भिंती इतक्या जाड की त्यांच्या पोटातच जिने आणि खोल्या काढलेल्या. प्रोटेस्टंट उपदेशक जॉर्ज विशार्टला ऑर्मिस्टनच्या घरात पकडल्यावर याच टॉवरमध्ये आणलं. स्कॉटलंडमधल्या कॅथलिक चर्चचा प्रमुख कार्डिनल बीटन तेव्हा तिथे मुक्कामाला होता. पुढे १ मार्च १५४६ रोजी विशार्टला सेंट अँड्र्यूजमध्ये जाळण्यात आलं. इतकं सगळं पाहिलेली वास्तू, पण खालची जमीन खाणीने पोकळ झाली, भिंती खचल्या आणि १९५५ मध्ये ती बहुतांशी पाडावी लागली. आता फक्त बुंधा उरला आहे. मला याचं खरंच वाईट वाटतं. तोफेने नाही, आगीने नाही, पायाखालचा कोळसा उपसल्यामुळे ती गेली.

डनमोरचा टॉवरही पडका आहे. त्याच्या तळमजल्यावर डनमोर घराण्याने आपली स्मशानवास्तू केली होती. तिथून जवळच अननसाच्या आकाराचा दगडी घुमट असलेली एक प्रसिद्ध वास्तू आहे. लोक ती बघायला येतात आणि टॉवरकडे न जाता परततात.

८. स्पेलिंग वेगवेगळी दिसतात. ती वेगळी घराणी आहेत का?

स्पेलिंगवरून घराणं ठरवू नका. शेवटी ई असलेलं आणि नसलेलं, 'एफ'ने आणि 'पीएच'ने लिहिलेलं, मध्येच 'जी' घुसवलेलं, सगळी एकाच नावाची रूपं आहेत. लिहिणारा कारकून जसं ऐके तसं लिही, आणि एकाच माणसाचं नाव एकाच कागदात दोन तऱ्हांनी सापडतं. मोडी कागदांत साहेबांची नावं वाचलेल्यांना याची सवय असते.

९. घराण्याला लॉर्ड ही पदवी केव्हा मिळाली?

१५१० च्या सुमारास, जेम्स चौथा याच्याकडून. पहिला लॉर्ड अलेक्झांडर एल्फिन्स्टन आपल्या राजाबरोबरच ९ सप्टेंबर १५१३ रोजी फ्लॉडनच्या रणात पडला. दुसरा लॉर्ड १५४७ मध्ये पिंकीच्या लढाईत मारला गेला. पिंकीचं रणांगण मूळ एल्फिन्स्टन गावापासून जवळच आहे. ज्या गावाचं नाव लावलं, पण जे हातातून गेलं होतं, त्याच्याच परिसरात त्याला मरण आलं.

याच घराण्याची एक शाखा बॅल्मेरिनोचे लॉर्ड म्हणून ओळखली गेली. सहावा लॉर्ड बॅल्मेरिनो, आर्थर एल्फिन्स्टन, जॅकोबाइट उठावात, म्हणजे पदच्युत स्टुअर्ट राजघराण्याला गादी परत मिळवून देण्याच्या बंडात होता. १८ ऑगस्ट १७४६ रोजी लंडनच्या टॉवर हिलवर त्याचा शिरच्छेद झाला.

१०. अ‍ॅबर्डीन विद्यापीठाचे संस्थापक बिशप एल्फिन्स्टन याच आडनावाचे का?

हो. विल्यम एल्फिन्स्टन (१४३१ ते १५१४), जन्म ग्लासगोचा. वडील स्वतः चर्चमधले, त्यामुळे मुलगा विवाहबाह्य, आणि पाद्री होण्यासाठी पोपची खास परवानगी लागली. हाच मुलगा पुढे अ‍ॅबर्डीनचा बिशप आणि राज्याचा चान्सलर झाला. १४९५ मध्ये पोपचं आज्ञापत्र मिळवून त्याने अ‍ॅबर्डीनला विद्यापीठ काढलं. १५०७ मध्ये स्कॉटलंडमध्ये पहिला छापखाना निघाला, त्यामागेही त्याची खटपट होती. त्याला प्रार्थनेचा आपला स्कॉटिश ग्रंथ छापून हवा होता आणि १५१० मध्ये तो पूर्ण झाला.

आडनावाच्या दृष्टीनेही हे उदाहरण मोलाचं आहे. जमिनीचा वारस नसलेला माणूस, ज्याचा जन्मच गावापासून दूर शहरात झाला, त्याच्यापर्यंत गावाचं नाव पोचलेलं होतं. पंधराव्या शतकापर्यंत ते पुरतं आडनाव झालं होतं याचा हा पुरावा.

११. मुंबईचा गव्हर्नर एल्फिन्स्टन नेमका कोण? दोन होते का?

दोन होते. चुलता आणि पुतण्या. लोक सर्रास त्यांची गल्लत करतात.

चुलता माउंटस्ट्युअर्ट एल्फिन्स्टन. अकराव्या लॉर्डचा चौथा मुलगा, जन्म १७७९. सोळा-सतराव्या वर्षी, १७९६ मध्ये तो हिंदुस्थानात आला. १८०३ मध्ये असईच्या लढाईत वेलस्लीबरोबर होता. १८११ पासून पुण्याला रेसिडेंट. ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीची लढाई झाली, संगमावरची रेसिडेन्सी जाळली गेली, आणि पेशवाई बुडवणाऱ्या घडामोडींत हाच माणूस मध्यभागी होता. १८१९ ते १८२७ मुंबईचा गव्हर्नर. धाकटा मुलगा असल्यामुळे तो स्वतः कधी लॉर्ड झाला नाही. त्याला 'लॉर्ड एल्फिन्स्टन' म्हणणं चूक आहे.

पुतण्या जॉन, तेरावा लॉर्ड एल्फिन्स्टन. आधी मद्रासचा गव्हर्नर, मग १८५३ ते १८६० मुंबईचा. १८५७ मध्ये मुंबईत हा होता.

माउंटस्ट्युअर्ट हे पहिलं नावही ठिकाणावरूनच आहे. माउंट स्ट्युअर्ट हे बूट बेटावरच्या स्ट्युअर्टांच्या वाड्याचं नाव. म्हणजे या माणसाची नाव आणि आडनाव, दोन्ही ठिकाणांची.

१२. १८४२ मध्ये काबूलहून माघारीत सैन्य गमावलेला जनरल एल्फिन्स्टन तोच का?

नाही. तो विल्यम जॉर्ज कीथ एल्फिन्स्टन, माउंटस्ट्युअर्टचा चुलतभाऊ. कैदेत असताना एप्रिल १८४२ मध्ये वारला. घोटाळ्याचं कारण असं की माउंटस्ट्युअर्टनेही अफगाणिस्तानावर १८१५ मध्ये मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला होता.

१३. मग कॉलेज कुणाच्या नावाचं आणि स्टेशन कुणाच्या?

कॉलेज चुलत्याचं. माउंटस्ट्युअर्ट १८२७ मध्ये निघाला तेव्हा मुंबईकरांनी त्याच्या स्मरणार्थ वर्गणी जमवली. त्यातून शिकवण्याची सोय झाली आणि पुढे एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशन व कॉलेज उभं राहिलं. दादाभाई नौरोजी तिथे शिकले आणि तिथेच प्राध्यापक झाले. न्यायमूर्ती रानडे, रा. गो. भांडारकर आणि पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकर हे तिथले विद्यार्थी.

स्टेशन पुतण्याचं, लॉर्ड जॉनचं. फोर्टातलं एल्फिन्स्टन सर्कलही त्याचंच. स्वातंत्र्यानंतर ते हॉर्निमन सर्कल झालं, आणि जुलै २०१८ मध्ये स्टेशनही प्रभादेवी झालं. 'नाव बदललं ते बरं झालं का?' असंही विचारतात. माझ्या मते झालं ते योग्य झालं. प्रभादेवी हे तिथल्या देवीचं आणि वस्तीचं नाव आहे, आणि एल्फिन्स्टनही मुळात दूरच्या एका वस्तीचंच नाव होतं. माझ्या वडिलांच्या पासवरचं नाव मी विसरणार नाही, पण स्टेशनाला शेजारच्या जागेचं नाव असावं हे मला पटतं.

१४. फॉकलंड रोड, लॅमिंग्टन रोड, रे रोड ही पण स्कॉटिश आडनावं आहेत का?

ही स्कॉटिश गावं आहेत, आडनावं नाहीत. इथे पदवी आणि आडनाव यांतला फरक नीट समजून घ्या, कारण एल्फिन्स्टनच्या बाबतीत दोन्ही एकच असल्यामुळे सगळ्यांची चुकीची समजूत होते.

गव्हर्नर लॉर्ड फॉकलंड (१८४८ ते १८५३) याचं आडनाव केरी. घराणं इंग्लंडचं. फाइफमधल्या फॉकलंड गावाच्या नावाची पदवी त्याच्या पूर्वजाला १६२० मध्ये मिळाली, त्या गावाशी नातं काहीच नव्हतं. दक्षिण अटलांटिकमधली फॉकलंड बेटं याच पदवीच्या दुसऱ्या एका धारकावरून.

लॉर्ड लॅमिंग्टन (१९०३ ते १९०७) याचं आडनाव कॉक्रेन-बेली. लॅमिंग्टन हे लॅनार्कशरमधलं गाव, आणि त्याची घडण एल्फिन्स्टनसारखीच: लॅम्बिन नावाच्या फ्लेमिश माणसाची टुन. ग्रँट रोडहून लॅमिंग्टन रोडला वळताना बाराव्या शतकातल्या एका फ्लेमिश माणसाच्या नावाखालून आपण जात असतो, हे मला कळलं तेव्हा मी दोन दिवस भेटेल त्याला सांगत होतो.

लॉर्ड रे (१८८५ ते १८९०) याचं आडनाव मॅकाय, म्हणजे 'ईचा मुलगा' या अर्थाचं गेलिक पितृनाम. 'ई' म्हणजे गेलिकमधलं 'एध' हे नाव. रे हे केथनेसमधलं गाव. आणि ग्रँट रोडचा ग्रँट? ते खरंच आडनाव, पण गावाचं नाही. फ्रेंच 'ग्रां'वरून, अर्थ थोर किंवा धिप्पाड.

१५. मग प्रत्येक स्कॉटिश आडनावामागे गाव नसतं?

नसतं. डंकन आणि माल्कम ही माणसांची नावं. विल्सन म्हणजे विलचा मुलगा. स्टुअर्ट हा तर हुद्दा: राजाच्या घरचा कारभारी, 'स्टुअर्ड'. वडगावच्या मोहिमेत १७७९ मध्ये कार्ल्याजवळ पडलेला कॅप्टन जेम्स स्टुअर्ट मराठ्यांच्या तोंडी 'इष्टुर फाकडा' झाला. त्याचं आडनाव आपल्या 'चिटणीस', 'सबनीस' यांच्या पंक्तीतलं.

फोर्ब्स मात्र गावाचं आहे, अ‍ॅबर्डीनशरमधल्या फोर्ब्स या जमिनीवरून. डलहौसी हेही गाव, पण ती पदवी. गव्हर्नर-जनरल डलहौसीचं आडनाव रॅमसे होतं.

१६. जॉन्स्टन आणि जॉन्सन एकच ना?

नाही, एका 'ट'चा फरक आहे आणि तोच सगळं आहे. जॉन्सन म्हणजे जॉनचा मुलगा. जॉन्स्टन म्हणजे जॉनची टुन, म्हणून गावनाव. अडचण अशी की या नावाची ठिकाणं एकाहून जास्त आहेत. अ‍ॅनंडेलमधलं जॉन्स्टन हे सर्वात नावाजलेलं. पर्थ शहरालाही पूर्वी 'सेंट जॉन्स टून' म्हणत. शिवाय कारकुनांनी जॉन्सनचा जॉन्स्टन आणि उलटंही केलेलं आहे. त्यामुळे नुसत्या आडनावावरून या लोकांचं मूळ गाव सांगता येत नाही.

१७. सदरलंडमध्ये 'एल्फिन' नावाचं गाव आहे. मूळ तेच असेल का?

नाही. ते उत्तरेकडचं, गेलिक मुलखातलं गाव, आणि त्या नावाचं मूळही गेलिक आहे. आवाज जुळला म्हणून मूळ जुळत नाही. गावनावांच्या अभ्यासात सर्वात जास्त चुका याच मोहातून होतात.

१८. घराण्यातले काही लोक दुसरंच आडनाव लावताना दिसतात. का?

वारसाहक्कामुळे. जमीन सोडून जाणारा अनेकदा अट घालायचा की जो ती घेईल त्याने आमचं आडनाव आणि ढालीवरचं चिन्हही घ्यावं. माउंटस्ट्युअर्टचा सख्खा भाऊ चार्ल्स हा अ‍ॅडमिरल चार्ल्स एल्फिन्स्टन फ्लीमिंग झाला, कारण आजीच्या बाजूने फ्लेमिंग घराण्याची मालमत्ता त्याच्याकडे आली. फ्लेमिंग म्हणजे फ्लँडर्सचा माणूस, तेही ठिकाणावरूनच.

मराठ्यांचा इतिहास लिहिणारा ग्रँट डफ आपल्याला माहीत आहे. तो मुळात जेम्स ग्रँट. आईकडची मालमत्ता मिळाल्यावर पुढे डफ जोडलं. साताऱ्यात तो वावरला तो ग्रँट म्हणून.

१९. एल्फिन्स्टन हा 'क्लॅन', म्हणजे कूळ, आहे का? टार्टन, म्हणजे कुळाचं चौकडीचं कापड, वगैरे?

प्रमुख आहे, तो लॉर्ड एल्फिन्स्टन. ढालीवर रानडुकरांची तीन मुंडकी आहेत, ब्रीदवाक्य 'कॉज कॉझिट'. पण डोंगराळ प्रदेशातल्या गेलिक कुळांसारखी ही रचना नव्हती. सखल भागातलं हे जमीनदार घराणं होतं. टार्टनच्या दुकानात प्रत्येक आडनावाला कापड मिळतं, त्यावरून इतिहास ठरवू नका.

२०. आज हे आडनाव लावणारे सगळे एकमेकांचे नातेवाईक असतात का?

नाही. घराण्याच्या शाखा आहेतच, पण गावातून बाहेर पडलेली साधी माणसंही आहेत, जमीनदाराचं आडनाव घेतलेली कुळं आणि नोकर आहेत, आणि प्रश्न १८ मधल्यासारखे बाहेरून आलेलेही आहेत. सगळेच देशमुख किंवा सगळेच पाटील एका घरातले नसतात, तसंच. उलट, मुलींच्या वंशातून आलेले कितीतरी खरे रक्ताचे वारस वेगळ्याच आडनावाने वावरतात. अ‍ॅग्नेसचे वंशज जॉन्स्टन झाले, हे प्रश्न ६ मध्ये पाहिलंच.

२१. आमच्या कुटुंबात एक स्कॉटिश पूर्वज होता असं ऐकलंय. शोध कुठून सुरू करू?

आपल्याकडून मागे मागे जा. प्रसिद्ध घराण्यापासून पुढे येऊ नका, तसं केलं की माणूस हमखास लॉर्डाच्या दारात जाऊन थांबतो. स्कॉटलंडमध्ये जन्म, लग्न, मृत्यू यांची सक्तीची सरकारी नोंद १ जानेवारी १८५५ पासून सुरू झाली. त्यातही पहिल्या वर्षीचे दाखले फार तपशीलवार आहेत. त्याआधीच्या काळासाठी चर्चच्या पॅरिश नोंदवह्या. दोन्ही 'स्कॉटलंड्स पीपल' या सरकारी संकेतस्थळावर शोधता येतात.

इथे एक सोय अशी आहे जी इंग्लंडमध्ये मिळत नाही: स्कॉटिश बायकांचं माहेरचं आडनाव कागदावर टिकून राहतं. लग्नानंतरच्या नोंदीत, मुलांच्या बाप्तिस्म्यात, अगदी थडग्याच्या दगडावरही ते कोरलेलं असतं. त्यामुळे आईकडची साखळी सुटत नाही.

पूर्वज मुंबई इलाख्यात असेल तर लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतले इंडिया ऑफिसचे कागद बघा. चर्चच्या बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनं यांच्या नोंदी इलाख्यावार लावलेल्या आहेत: बंगाल 'एन १', मद्रास 'एन २', मुंबई 'एन ३'. आडनावाची चार-पाच स्पेलिंग आधी कागदावर लिहून घ्या आणि प्रत्येकाने वेगळा शोध घ्या. पूर्वजाचं गाव कागदात सापडलं तर ते आडनावाच्या गावाहून वेगळं निघेल, याची तयारी ठेवा. वेगळं निघालं तर कागदातलं गाव धरायचं.